काचबिंदू घराण्यातून येतो का? आबा, अण्णा आणि माझे डोळे

ज्यांनी ऑडिओ ऐकलाय त्यांना मध्येच दोनदा ट्रॅक्टरचा आवाज आला असेल, त्याबद्दल माफी. यावेळचा एपिसोड पुण्यातल्या खोलीत नाही, चाकूरला आमच्या घराच्या गच्चीवर बसून रेकॉर्ड केलाय. ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी नेहमीप्रमाणे हे लिहून काढलंय. बोलताना जिथं फारच भरकटलो होतो तिथं थोडी छाटणी केलीय.

आजचा विषय काचबिंदू, आणि तो घराण्यातून कसा येतो हा. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे. पण मागच्या दिवाळीपासून हा विषय आमच्या घरात येऊन बसलाय, आणि मी जे वाचलं, डॉक्टरांना विचारून घेतलं, ते तुमच्यापर्यंत पोचावं असं वाटलं.

झालं असं. दिवाळीच्या सुट्टीत अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चष्म्याचा नंबर काढायला लातूरला नेलं. वय ५७. तक्रार एवढीच की पेपर वाचताना त्रास होतो. डॉक्टरांनी थेंब टाकले, आत बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि विचारलं, "घरात कुणाला काचबिंदू होता का?"

अण्णा लगेच म्हणाले, "न्हाई. कुणालाच न्हाई."

मी शेजारीच होतो. म्हटलं, "अण्णा, आबांना दिसत नव्हतं की."

"आबाचं वय झालतं. आन् त्या शिबिरातल्या आपरेशननं डोळा बिघडला त्यांचा."

आमच्या घरात वीस वर्षं हीच गोष्ट सांगितली जाते. आबा, म्हणजे आजोबा, यांचं एका शिबिरात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पट्टी काढली आणि नजर आलीच नाही. तेव्हापासून त्या शिबिराला शिव्या. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की आबांचं नेमकं काय झालं होतं ते आता सांगता येणार नाही. पण मोतीबिंदू नीट काढूनही नजर येत नाही तेव्हा मागची नस आधीच वाळलेली असू शकते, आणि तिचं एक मोठं कारण काचबिंदू. मग अण्णांना एका मशीनसमोर बसवलं. समोर कुठं उजेडाचा ठिपका दिसला की बटन दाबायचं, एवढीच ती टेस्ट. निकाल आला तेव्हा उजव्या डोळ्याच्या नकाशात वरचा बराच भाग काळा होता. अण्णा रोज मोटारसायकल चालवत होते. त्यांना पत्ताच नव्हता.

इथं जरा थांबून मोतीबिंदू आणि काचबिंदू यांतला फरक सांगतो, कारण आपल्याकडं दोन्ही एकच समजतात. मोतीबिंदू आपल्या जिल्ह्याला चांगला माहीत आहे. डॉ. तात्याराव लहाने लातूर जिल्ह्यातल्याच माकेगावचे. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग गढूळ होतं, ते काढून नवीन बसवलं की माणूस दुसऱ्या दिवशी नातवाचं तोंड बघतो. काचबिंदूत भिंग ठीक असू शकतं, बिघडते ती डोळ्याकडून मेंदूकडं जाणारी नस. तिच्यात दहा लाखांच्या वर बारीक तंतू असतात आणि मेलेला तंतू परत येत नाही. कॅमेरा नवीन घेता येतो, इथं मदरबोर्डकडं जाणारी केबलच तुटायला लागलेली असते.

ती का तुटते? डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होतो आणि सतत बाहेर जातो. बाहेर जायची जागा म्हणजे पुढची पारदर्शक काच, जिला कॉर्निया म्हणतात, ती आणि रंगीत पडदा जिथं एकमेकांना भेटतात तो कोपरा. तिथं एक बारीक गाळणी असते. न्हाणीच्या मोरीला जशी जाळी असते तशी. जाळी हळूहळू तुंबली की पाणी साचतं, डोळ्यातला दाब वाढतो, आणि तो दाब मागच्या नसेवर पडतो. साधारण १० ते २१ मिलिमीटर दाब नॉर्मल धरतात. जाळी तुंबली पण कोपरा उघडा आहे, तर तो उघड्या कोनाचा काचबिंदू, जो अण्णांना निघाला. कोपराच अरुंद असून पडदा मोरीवर येऊन बसतो तो बंद कोनाचा. हा दुसरा आपल्या आशियातल्या लोकांत जास्त दिसतो, आणि डोळा लहान असणाऱ्यांना, म्हणजे लांबचं-जवळचं दोन्हीसाठी प्लसचा नंबर असणाऱ्यांना, त्याचा धोका जास्त. काहींची नस मात्र २१ च्या खालच्या दाबानंही वाळते. म्हणून नुसता दाबाचा आकडा बघून "काही नाही, जा" म्हणणं पुरेसं नसतं.

दुखत नाही, लाल होत नाही (बंद कोनाचा अचानक झटका येतो तो सोडून), आणि नजर कडेकडेनं जाते. गेलेली जागा मेंदू आजूबाजूच्या चित्रानं भरून काढतो, त्यामुळं काळा डाग असा दिसतच नाही. भारतात चाळिशीच्या पुढच्या १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असल्याचा अंदाज २०१० साली मांडला गेला होता. आंध्र आणि चेन्नईत घरोघरी जाऊन तपासणी झाली तेव्हा उघड्या कोनाचा काचबिंदू सापडलेल्या दहापैकी नऊहून जास्त जणांना तो आधी माहीतच नव्हता.

आता माझ्या डोक्यात काय आलं ते सांगतो. आबा, मग अण्णा, म्हणजे पुढचा नंबर माझा. त्या रात्री मी फोनवर डीएनए टेस्टच्या किटा शोधत बसलो. थुंकी पाठवायची, रिपोर्ट ॲपवर येतो. माझ्या इंजिनिअर मेंदूला वाटलं, एक जीन असेल, त्यात एक चुकीची ओळ असेल, बग आहे की नाही एवढं कळलं की झालं.

तसा एक बग खरंच आहे. १९९७ साली अमेरिकेतल्या आयोवाच्या एडविन स्टोन यांच्या गटानं काचबिंदूशी जोडलेला पहिला जीन दाखवून दिला, मायोसिलिन. तो पहिल्या गुणसूत्रावर असतो. यात बिघाड झाला की त्या जीनपासून बनणारं प्रथिन नीट घडी पडून तयार होत नाही, गाळणीच्या पेशींच्या आतच अडकून पडतं, पेशी आजारी पडतात आणि मोरी तुंबते. आई किंवा बाप, एकाकडून ही खराब प्रत आली तरी पुरते. म्हणजे प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता. ज्या घरात ऐन तरुणपणी, पंधराव्या-वीसाव्या वर्षी, एकामागून एक काचबिंदू निघतो, तिथं हा जीन बऱ्याचदा सापडतो. युरोपीय वंशाच्या लोकांत ३६८ व्या जागेवरचा बदल जास्त दिसतो, तर भारतातल्या रुग्णांत ४८ व्या जागेवरचा एक वेगळाच बदल कोलकाता आणि हैदराबादच्या संशोधकांना सापडला. सॉफ्टवेअर तेच, पण प्रत्येक देशाच्या कॉपीत बग वेगळ्या ओळीवर.

पण मोठ्या वयात होणाऱ्या काचबिंदूच्या शंभर रुग्णांत मायोसिलिनवाले दोन ते चारच निघतात. बाकीच्यांचं काय? त्यांच्यासाठी २०२१ साली एक मोठा अभ्यास आला. ३४ हजारांहून जास्त रुग्ण आणि साडेतीन लाखांच्या आसपास निरोगी लोक, यांचे डीएनए शेजारी शेजारी ठेवून बघितले. काचबिंदूशी संबंध असलेल्या जागा निघाल्या १२७. एकेकीचा परिणाम चिमूटभर. म्हणजे एक मोठा बग असं काही नाहीच, १२७ सेटिंग आहेत आणि प्रत्येक थोडीथोडी इकडं-तिकडं सरकलेली. शिवाय अशा अभ्यासांत युरोपीय वंशाचे लोक फार जास्त असतात. त्यांच्यावर बांधलेला स्कोअर चाकूरच्या माणसाला जसाच्या तसा लावणं म्हणजे पुण्याच्या ट्रॅफिकवर शिकवलेलं मॉडेल आमच्या आठवडी बाजारात चालवणं. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१२ मध्ये सांगितलंय की अशा गुंतागुंतीच्या, उतारवयात येणाऱ्या आजारांसाठी सरसकट जीन टेस्ट करू नका.

पुढच्या तपासणीला मी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं, किटच्या किमतीसकट. ते हसले. म्हणाले, "ते पैसे ठेवा. वडिलांच्या भावंडांना घेऊन या. आणि तुम्ही स्वतः त्या खुर्चीत बसा."

भावंडंच का, ते मी नंतर वाचलं. हॉलंडमध्ये रॉटरडॅम शहरात १९९८ च्या एका अभ्यासात रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांना बोलावून तपासलं. ऐंशीव्या वर्षापर्यंत काचबिंदू होण्याची शक्यता रुग्णांच्या नातेवाइकांत २२ टक्के निघाली, इतरांच्यात २.३. जवळपास दहापट. त्याआधी बाल्टिमोरच्या अभ्यासात दिसलं होतं की भावाला किंवा बहिणीला काचबिंदू असेल तर धोका साधारण पावणेचारपट, आईवडिलांना असेल तर दुपटीच्या थोडा वर. भावंडं एकाच वयाच्या टप्प्यात असतात, म्हणून एकाला निघाला की दुसऱ्याकडं तेव्हाच बघायचं. हे सगळं कळायला थुंकीची डबी लागत नाही. "घरात कुणाला होता का?" एवढा प्रश्न लागतो, आणि त्याचं खरं उत्तर. अण्णांनी दिलं तसं नाही.

आपल्या मराठी मुलखातला एक आकडाही सांगतो, कारण सगळं परदेशातलंच कशाला. २००६ ते २००८ या काळात नागपूरजवळच्या खेड्यांत तीस वर्षांवरच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले गेले. नागपूरचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे योस्ट योनास यांचं हे काम. त्यात एक गोष्ट मोजली कॉर्नियाची जाडी. सरासरी आली ५१४ मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जराशी जास्त. पाश्चात्त्य लोकांत ही सरासरी यापेक्षा जास्त येते. याचा काचबिंदूशी काय संबंध? दाब मोजायचं यंत्र बाहेरून कॉर्निया दाबून बघतं. काच पातळ असली की ती सहज दबते आणि यंत्र दाब कमी दाखवतं. सेन्सर कॅलिब्रेट नसल्यासारखं. आणि पातळ कॉर्निया हा स्वतःच काचबिंदूचा एक धोका आहे, हे अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं. जाडी बऱ्याच अंशी आईबापाकडूनच येते, जुळ्यांवरच्या अभ्यासांनी ते दाखवलंय. तेव्हा घराण्यातून येतं ते फक्त "काचबिंदू" असं लेबल लावून येत नाही. अरुंद कोपरा, पातळ काच, नाजूक नस असं सुट्टं सुट्टं सामान येतं. अण्णांची जाडी निघाली ४८०. दाब १९. नुसता १९ बघितला असता तर घरी पाठवलं असतं.

आता जरा नाजूक विषय.

मोठ्यांचा काचबिंदू वेगळा आणि जन्मतः येणारा वेगळा. जन्मतः येणाऱ्याचा मुख्य जीन आहे सीवायपी१बी१, तोही १९९७ मध्येच तुर्कस्तानातल्या कुटुंबांच्या अभ्यासातून सापडला. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत तपासलेल्या भारतीय मुलांत या जीनमधला जो बदल सगळ्यात जास्त दिसला तो ३६८ व्या जागेवरचा. (मायोसिलिनमध्येही ३६८ होतं, हा निव्वळ योगायोग. मी अर्धा दिवस त्यात कॉन्स्पिरसी शोधली, काही नाही.) इथं दोन्ही प्रती खराब लागतात, आईची एक आणि बापाची एक. एकच प्रत खराब असेल तर माणूस ठणठणीत असतो आणि त्याला कधी कळतही नाही. दोन असे ठणठणीत लोक लग्न करतात तेव्हा प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. आणि दोघं एकाच आज्याची नातवंडं असतील, तर तीच खराब प्रत दोघांकडं असण्याचा संभव वाढतो. आतेभाऊ-मामेबहीण यांचे साधारण आठवा हिस्सा जीन सारखे असतात, मामा-भाचीचे चौथा हिस्सा.

आपल्याकडं मामाची पोर करणं ही रीत आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ सालीच नातेसंबंधांवरच्या पुस्तकात हे नोंदवलंय. आमच्या सीमेच्या पट्ट्यात, तेलंगण-कर्नाटकाकडं जाल तसं, मामा-भाचीचं लग्नही नवल नाही. माझ्या आजीनं स्वतःच्या आतेभावाशीच लग्न केलंय, आणि त्यांची सगळी पोरं धडधाकट निघाली. म्हणून मी कुणाच्या घराला नावं ठेवत नाही. फक्त आकडा सांगतो. जन्मतः काचबिंदूचं प्रमाण पाश्चात्त्य देशांत दहा-वीस हजार बाळांत एक धरतात, आंध्र प्रदेशात ते ३,३०० त एक असल्याचा अंदाज तिथल्या पाहणीतून निघाला. आणि तेव्हाचा आंध्र म्हणजे आमच्यासाठी परका मुलूख नाही. लातूर रोडला गाडीत बसलं की हैदराबाद.

या बाळांचे डोळे मोठे दिसतात, कारण आतल्या दाबानं कोवळा डोळा ताणला जातो. आणि आपल्याकडं बायका कौतुक करतात, "काय टपोरे डोळे आहेत गं!" बाळाचे डोळे वाजवीपेक्षा मोठे आहेत, सारखं पाणी येतंय, उजेडात तोंड फिरवतंय, बुबुळ धुरकट दिसतंय, तर काजळ लावून दृष्ट काढत बसू नका. त्याच आठवड्यात डोळ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. तिथं औषध नाही, ऑपरेशन लागतं, आणि ते जितकं लवकर तितकी नजर वाचते.

आणखी एक, पटकन. स्टेरॉइडचे थेंब. उन्हाळ्यात धुळीनं पोरांचे डोळे खाजतात, मेडिकलवरून कुणीतरी थेंब आणतं, दोन दिवसांत आराम पडतो, मग तीच बाटली तीन-तीन उन्हाळे चालते. साधारण तिसरा हिस्सा लोकांत स्टेरॉइडनं डोळ्याचा दाब वाढतो, काहींत खूपच, आणि घरात काचबिंदू असलेल्यांत हे जास्त घडतं. मायोसिलिन हे प्रथिनही गाळणीच्या पेशींना स्टेरॉइड देऊन बघतानाच नजरेत आलं होतं. (स्टेरॉइडनं दाब वाढायला तोच जीन जबाबदार, असं मात्र नाही.) माझी स्वतःची आठवी-नववी अशा थेंबांवर गेलीय. बाटलीवर काय लिहिलं होतं, कुणी वाचलं नाही.

तर मी खुर्चीत बसलो. दाब १८ आणि १९, कॉर्निया पातळ, मागची नस "जरा संशयास्पद". नकाशा मात्र पूर्ण पांढरा, एकही काळा ठिपका नाही. औषध काही नाही, वर्षातून एकदा यायचं. माझ्या फाइलवर "सस्पेक्ट" असं लिहिलंय, ते बघून पहिल्यांदा पोटात गोळा आला होता. आता कॅलेंडरमध्ये रिमाइंडर आहे, तेवढंच. अण्णांना रात्री एक थेंब आहे. गेलेलं परत येणार नाही, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. पण दाब एका मिलिमीटरनं कमी झाला की आजार पुढं सरकायचा धोका साधारण १० टक्क्यांनी कमी होतो, असं स्वीडनमधल्या अभ्यासात दिसलंय. मी त्यांना हे ऊसबिलाच्या भाषेत समजावलं, पटलं.

अवघड झालं ते आत्याचं. अण्णांची धाकटी बहीण, अहमदपूरला दिलेली. वय ५२. फोन केला तर आधी ऐकून घेतलं, मग आवाज बारीक करून म्हणाली, "बाबू, हे फोनवर बोलू नको. पोरीची सोयरीक चाललीय. घराण्यात आंधळेपणा हाय म्हणतील."

मला राग आला, आणि मग लक्षात आलं की अण्णांनी डॉक्टरांना "कुणालाच न्हाई" म्हटलं तेही कुठून आलं होतं. आबांचं "शिबिरात बिघडलं" ही गोष्टही कदाचित याच कामाची होती. शिबिरावर खापर फोडलं की घराणं साफ. चार पोरांची लग्नं त्या गोष्टीवर पार पडली. आणि या सगळ्यात अण्णांच्या उजव्या डोळ्याचा वरचा भाग गेला. मोठे काका तर अजूनही "मला सगळं दिसतंय" म्हणून आलेले नाहीत. त्यांना काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही. कुणाच्या घरी असा काका वळला असेल तर कमेंटमध्ये सांगा, खरंच.

आत्याला मी एवढंच म्हटलं की काचबिंदूसाठी येऊ नको, चष्म्याच्या नंबरसाठी ये. ती मंगळवारी एसटीनं चाकूरला आली, तिथून आम्ही दोघं लातूरला गेलो. दाब २६ आणि २४. नसेला इजा नुकती सुरू झालेली, नकाशा जवळजवळ पांढरा. डॉक्टर म्हणाले, अगदी वेळेत आलात. परतीच्या गाडीत ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, आता पोरीच्या लग्नाचं बोलेल. घरणीच्या पुढं आल्यावर पिशवीतून थेंबांची बाटली काढली, उलटी-सुलटी करून बघितली आणि म्हणाली, "बाबू, एकादशीला हे टाकलं तर चालतंय का रं?"